नाव पलीकडे जाऊ देऊ नये

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकून बसलेत त्यांनीही पुढे सरकावं. ही गोष्ट मोठ्यानं सांगण्यासारखी नाही, आणि अर्धी ऐकून उठण्यासारखी तर मुळीच नाही. भुताखेतांचा मला नाद नाही. मोजावं, तपासावं आणि मगच सही करावी, या सवयीचा मी माणूस. जे झालं ते दिवसाउजेडी, माझ्या टेबलावर, चहाचा कप शेजारी असताना झालं. आकडे सांगेन ते खरे धरा. ज्याचा अर्थ मला लागला नाही, तो लावून दाखवणार नाही.

माझं काम नावं ठेवण्याचं. हसा खुशाल, आमच्या आत्याची ही लाडकी थट्टा होती. "लोक फुकट नावं ठेवतात, आमचा हा पगार घेऊन ठेवतो."

मी नकाशे करतो. रस्ते, घरं, विहिरी संगणकात आपोआप उमटतात, पण कुठलं नाव कुठे बसवायचं ते सॉफ्टवेअरच्या अकलेवर सोडता येत नाही. दोन नावं एकमेकांवर आली की ते त्यातलं एक गाळतं. न सांगता गाळतं. म्हणून शेवटी माणूस लागतो. एकेक नाव माउसनं उचलायचं, घराच्या ठिपक्याच्या उजवीकडे किंचित वर ठेवायचं, तिथे गर्दी असेल तर डावीकडे, आणि मनासारखं बसलं की पिन करायचं. पिन केलेलं नाव हलत नाही. निदान हलू नये.

त्यातून हे सॉफ्टवेअर परक्या लिपीसाठी बनलेलं. ती अक्षरं रेघेवर उभी राहतात, आपली रेघेला लटकतात. सॉफ्टवेअर नावाभोवती चौकट धरून तिचा मध्य साधतं. मग ज्या नावात उकार ते वर चढतं, ज्यात वेलांटी ते खाली बसतं, आणि ओळ म्हाताऱ्याच्या दातांसारखी दिसते. मी ओळ शिरोरेषेवर लावतो. कचेरीत हे माझं वेड समजलं जायचं. ते वेड आत्याचं.

आई माझ्या लहानपणीच गेली, बाप मागोमाग. आत्यानं वाढवलं. नदीकाठच्या गल्लीत तिच्या दोन खोल्या होत्या आणि खिडकीशी शिलाईचं मशीन. कारखान्यांच्या, इस्पितळांच्या गणवेशांवर ती नावं काढायची. कापडावर आधी एक आडवा टाका घाली, सरळ, आणि मग त्याखाली अक्षरं. "आधी दोरी बांधावी, मग वाळत घालावीत," म्हणायची. अभ्यास टाळला की हातातली सुई माझ्याकडे रोखायची. "तू तुझ्या बापाचं नाव काढ रे. बाकी जगाचं मी काढते."

गल्लीत एक्केचाळीस घरं. प्रत्येकाला ती पूर्ण नावानं हाक मारायची. कोणी कुणाला "ए" म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. कीर्तनाचं तिला वेड, मलाही तिनंच लावलं. परतताना माझा हात धरून म्हणायची, "देवाला रूप नसलं तरी आपलं भागतं. पण नावच नसतं तर हाक कशी मारली असती रे?"

त्याच गल्लीचा नकाशा माझ्याकडे आला. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला बंद गिरणीची उंच भिंत, मध्ये चिंचोळी गल्ली. नदीला बांध घालायचा होता, गल्ली उठणार होती, प्रत्येकाला दुसरीकडे घर मिळणार होतं. मागच्या एका वस्तीच्या वेळी घरांना नुसते क्रमांक दिले होते, त्यात अदलाबदल होऊन डोकी फुटली. त्यामुळे या वेळी साहेबांचा हुकूम स्पष्ट होता: प्रत्येक घरापाशी घरमालकाचं नाव, वाचता येईल असं. छापील नकाशात नाव असेल त्याला घर. नसेल त्याला नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी छपाई.

माझ्या टेबलामागच्या भिंतीवर, माझ्या आधीच्या नकाशेवाल्यानं लिहिलेले नियम अजून चिकटवलेले होते. त्यातला सातवा: काठावरच्या घराचं नाव त्याच काठावर ठेवावे. नाव नदीपलीकडे जाऊ देऊ नये. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, जिला सगळे कंपासबाई म्हणत, तिनं पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, "हा नियम नकाशेवाल्यांसाठी की होडीवाल्यांसाठी?"

चाळीस नावं बसली. एक्केचाळिसावं बसेना.

ते गल्लीच्या टोकाच्या नावाड्याचं होतं. म्हातारा, एकटा, पाण्याला लागून झोपडं. नाव लांबलचक, अकरा अक्षरांचं. त्याच्या शेजारचं घर आत्याचं. तिचं नाव तीन अक्षरांचं, पण ते मी घरावर असं नेटकं बसवलं होतं की हलवायला जीव होईना. समोर पलीकडचा काठ होता. तिथे लव्हाळी आणि एक पडकी वीटभट्टी, बाकी काही नाही. नकाशावर सगळा पांढरा, मोकळा.

मी नावाड्याचं नाव उचललं, पलीकडे ठेवलं, आणि तिथून नदीवरून एक बारीक रेघ त्याच्या झोपडीपर्यंत ओढली. पिन केलं. तात्पुरतं, असं मनाशी म्हटलं.

कंपासबाई मान वाकडी करून बघत होती. "नाव पलीकडे टाकली?"

"टाकलं म्हणा. होडी आहे का ती?"

"एकदा पलीकडे गेल्यावर गेली काय अन् गेलं काय."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल उघडली तर लोहाराचं नाव पलीकडे होतं. नावाड्याच्या नावाशेजारी, त्याच ओळीत.

मी पिन तपासली. जागच्या जागी होती. नाव उचलून परत आणलं. स्क्रीन क्षणभर पांढरी झाली, पुन्हा उमटली, आणि नाव परत पलीकडे. असं चार वेळा. फाइल बिघडली म्हणून आदल्या दिवशीची प्रत उघडली. तिच्यातही तसंच. मग मूळ तक्ता उघडून लोहाराचं नाव पुन्हा टंकावं म्हटलं. तक्त्यात ते होतं. वाचलं. डोळे तक्त्यावरून नकाशावर नेईपर्यंत विसरलं. पुन्हा वाचलं, पुन्हा विसरलं. वय झालं, असं म्हणून मी चष्मा पुसला.

दुपारी पडताळणीला गल्लीत गेलो. लोहाराची बायको दारात होती.

"घरमालकाचं नाव सांगा."

"आमचे हे."

"हे म्हणजे?"

ती नुसती हसली. मी म्हटलं, जुन्या वळणाची बाई, नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसेल. माझी चूक झाली ती तिथे. घेत नव्हती, असं मी धरून चाललो. येत नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आतून लोहारच बाहेर आला.

"अहो, मला सगळी दुनिया लोहारच म्हणते. तेच लिहा की." तो मोठ्यानं हसला. मग हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र कुठेतरी काहीतरी शोधायला लागले. त्याच्या चामडी एप्रनवर आत्यानं काढलेलं नाव असायचं. तिथे आता फक्त आडवा टाका होता, तिनं घातला होता तसा, सरळ. त्याखाली सुईची बारीक भोकं.

टोकाला नावाडी पायरीवर बसला होता. "आज सकाळी माझी नाव पलीकडे लागली होती बघा," तो म्हणाला. "दोर इथेच. गाठ जशीच्या तशी. मी काही सोडली नाही, देवाशप्पथ." आणि जरा थांबून, ओशाळून म्हणाला, "तुम्ही शिकलेले. मला एकदा हाक मारता का? नावानं?"

मी तोंड उघडलं. अकरा अक्षरांचं नाव मी कालच स्वतः बसवलं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "उद्या येतो."

आठवडाभरात तेरा नावं गेली. पुढच्या आठवड्यात बत्तीस झाली. रोज सकाळी मी मोजायचो. पलीकडच्या पांढऱ्या जागेत ती एका ओळीत होती, आणि ओळ मला कधी जमली नसती इतकी नेमकी लागली होती. सगळी शिरोरेषेवर. नावांमधलं अंतर रोज थोडं कमी व्हायचं. एके दिवशी ते मिटलं, आणि सगळ्यांच्या शिरोरेषा जुळून एक सलग रेघ झाली. मग खालची अक्षरं गळायला लागली. आधी उकार, मग वेलांट्या, मग काने. दोरीवरून कपडे काढून न्यावेत तशी.

गल्लीत कुणाला काही वाटत नव्हतं, हे सगळ्यात वाईट. माणसं एकमेकांना अहो, अगं, काका, वहिनी म्हणत होती. भांडत होती, उसनं पीठ मागत होती. पोरांना "ए" म्हणून हाक मारली की पाच पोरं मागे वळून बघायची.

फक्त आत्या अस्वस्थ होती. मी गेलो तेव्हा ती मशीनवर हात ठेवून नुसती बसली होती. शेजारी कापडं, आणि गिऱ्हाइकांनी नावं लिहून दिलेल्या चिठ्ठ्या.

"माझ्या जिभेला काय झालंय रे? पंधरा दिवस झाले, मी लोकांना अहो-जाहो करतेय. आणि या बघ." तिनं एक चिठ्ठी पुढे केली. कागदावर पेनानं ओढलेली एक आडवी रेघ होती. "कुणाची म्हणून काढू मी ही?"

माझ्यानं राहवलं नाही. सगळं सांगितलं. सातवा नियम, मोकळी जागा, नदीवरून ओढलेली रेघ. तिचं नाव अजून जागेवर आहे, रोज सकाळी आधी तेच बघतो, शुक्रवारपर्यंत टिकलं की छापून होईल, मग कोण हलवतंय, हेही सांगितलं.

तिनं एकच विचारलं. "आधी कुणाचं गेलं?"

"नावाड्याचं."

"गेलं नाही. नेलंस तू."

मी ती रेघेची चिठ्ठी घडी घालून मशीनवर ठेवली.

"का नेलंस?"

"जागा नव्हती, आत्या."

"आणि माझ्या नावाला बरी होती." ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं मशीनवरची लोंबणारी दोऱ्याची टोकं कातरली आणि म्हणाली, "माझं उचल. तिथे त्याचं बसव. ज्याला पहिल्यांदा नेलं त्याला पहिल्यांदा आणावं."

"आणि तुझं कुठे ठेवू?"

"तुझ्याजवळ. तुला पाठ आहे की."

"नाही जमणार. घर जाईल तुझं."

"घराचं काय, तुझ्याकडे येईन. तुझ्या हातचा चहा काही फार वाईट नसतो." मग माझ्या शर्टाच्या खिशाला तिनं बोट लावलं. तिथे तिनंच काढलेलं माझं नाव होतं. "मी चाळीस वर्षं लोकांची नावं काढली. एका माणसाचं जाऊ द्यायचं आणि आपलं मिरवायचं, हे मला नाही येत."

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी फाइल उघडली. अलीकडच्या काठावर एकच नाव उरलं होतं. तिचं.

पलीकडे रेघ होती. लांब, काळी, सरळ. तिच्या पहिल्या टोकाला एक अक्षर अजून लटकलेलं होतं. नावाड्याचं शेवटचं.

मी आत्याचं नाव उचललं. मोठ्यानं वाचलं, तीनदा. कंपासबाई म्हणाली, "जप चाललाय वाटतं." मी ते नकाशाच्या अलीकडच्याच कोपऱ्यात, उत्तर दाखवणाऱ्या बाणाखाली ठेवलं. नदीपासून दूर. पिन केलं. पुन्हा वाचलं.

मग पलीकडच्या रेघेचं टोक धरलं आणि ओढलं.

ती मुकाट्यानं आली. पाणी ओलांडताना तिच्याखाली अक्षरं फुटायला लागली. एक काना. एक वेलांटी. झोपडीपाशी पोचेपर्यंत अकराच्या अकरा.

मी ते बसवलं. नदीवरची बारीक रेघ पुसली.

स्क्रीन पांढरी झाली.

उमटली तेव्हा गल्ली भरलेली होती. लोहार, त्याच्या पलीकडचा न्हावी, कोपऱ्यावरची शिक्षिका, सगळे. मी एकेक मोठ्यानं वाचत गेलो आणि एकेक नाव जिभेवर राहत गेलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चाळीस.

मग कोपऱ्याकडे बघितलं.

बाणाखाली काही नव्हतं.

पलीकडच्या काठावर एक छोटी आडवी रेघ होती. तीन अक्षरांएवढी.

मी म्हटलं, हरकत नाही, मला पाठ आहे.

मी म्हटलं, माझ्या आत्याचं नाव.

मी पुन्हा म्हटलं, माझ्या आत्याचं नाव.

छपाईवाला दारात उभा होता. साहेबांनी चाळीस घरांच्या चाळीस नावांवर सही केली. एक्केचाळिसाव्या ठिपक्याचं कुणी विचारलं नाही. मी धावत गल्लीत गेलो. आत्या खिडकीशी बसून रस्त्यावरच्या लोहाराला त्याच्या पूर्ण नावानं, बापाच्या नावासकट हाक मारत होती, आणि तो मान वर करून ओ देत होता.

"आली सगळ्यांची?" तिनं विचारलं.

"आली."

"मग झालं." तिनं सुईत दोरा ओवला. थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता मला हाक मार बघू."

"आत्या," मी म्हटलं.

ती बराच वेळ वाट बघत होती. मग म्हणाली, "चालेल की. हेही चांगलंच आहे."

ती माझ्याकडे दोन वर्षं राहिली. शेवटपर्यंत इतरांची नावं काढत होती. ती गेली तेव्हा नोंदणीच्या खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "नाव?" मी रकान्यात आत्या लिहिलं. त्यानं वर बघितलं, माझा चेहरा पाहिला आणि शिक्का मारला. नावाड्याला निरोप पाठवला होता. तो नव्या वस्तीतून एवढं चालत आला आणि दारात उभा राहून मला विचारू लागला, "कोण गेलं हो?" सांगितलं. चांगलं समजावून सांगितलं. मान डोलावून तो रडला. रडता रडता पुन्हा म्हणाला, "पण कोण?"

तो छापील नकाशा आमच्या कचेरीच्या भिंतीवर लावलेला आहे. पलीकडच्या काठावर त्यात एक रेघ आहे. सगळे म्हणतात, छपाईचा ओरखडा असेल. मी तेव्हाच स्टीलच्या पट्टीनं मोजून ठेवली होती. नऊ मिलिमीटर.

काल सहज पुन्हा मोजली. अठरा भरली. कागदावर छापलेली रेघ आहे, ती वाढत नसते. तीनदा मोजली.

माझं नावही तीनच अक्षरांचं आहे.

आज सकाळी कंपासबाईनं मला हाक मारायला तोंड उघडलं. अठरा वर्षं आम्ही शेजारी बसतोय. तिचं तोंड उघडं राहिलं, मग ती हसली आणि म्हणाली, "अहो, चहा घेणार?"

म्हणून आजच तुम्हाला बोलावलं. माझ्या खिशाकडे बघू नका, तिथे वाचण्यासारखं काही उरलेलं नाही. माझं राहू द्या. आत्याला मात्र विसरू नका. तिची तीन अक्षरं होती. मधल्या अक्षराला उकार होता की वेलांटी, तेवढं मला सांगता येत नाही. ती आधी दोरी बांधायची आणि मग अक्षरं वाळत घालायची. चाळीस घरांत आज माणसं नावानं हाका मारतात, त्या तिच्या आहेत.

कधी नदीवर गेलात तर काठावर उभं राहून नुसतं आत्या म्हणा. मी म्हणतो. पलीकडून ओ येते.